मर्यादेपेक्षा 10 ने आणि 60 ने जास्त वेगाला गोव्यात सारखाच दंड का? हे न्याय्य आहे का?

नाही, ही रचना न्याय्य नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 183 दंड ठरवताना गाडीचा प्रकार बघतं, वेग किती ओलांडला ते नाही. 2019 च्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 रुपये, मध्यम-जड वाहनाला 2,000 ते 4,000. आता समजा पर्वरीच्या रस्त्यावर कोणी 60 ऐवजी 120 ने गेला. वेग दुप्पट, पण ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट. धोका असा वाढतो, दंड मात्र तिथेच. फिनलंडमध्ये मोठ्या उल्लंघनाला उत्पन्नाच्या प्रमाणात दंड होतो. इथे भाड्याची गाडी उडवणाऱ्या पर्यटकाला 2,000 म्हणजे एका जेवणाचं बिल.

अतिवेगाला वेगळी शिक्षा अजिबातच नाही असं मात्र नाही. कलम 184 (धोकादायक चालवणं) लावलं तर पहिल्याच गुन्ह्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 दंड, किंवा दोन्ही. पण त्यासाठी लोकांना धोका झाला हे दाखवावं लागतं, नुसता कॅमेऱ्यातला आकडा सहसा पुरत नाही. खरा धाक 183 मध्येच आहे: दुसऱ्यांदा सापडलात की लायसन्स जप्त. तेवढ्यासाठी चलन गाडीमालकाच्या नावावर न राहता चालकाच्या नावावर चढायला हवं. रेंट-अ-कारमध्ये नेमकं तिथेच अडतं.