मेंटॉरिंगच्या कार्यक्रमाला निघालीस, तर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असताना तू सांगलीहून पुण्याला महिला इंजिनिअरांच्या मेंटॉरिंग कार्यक्रमाला निघालीस, याचा मनापासून आनंद झाला. एसटीत महिलांना तिकीट अर्धं असलं तरी दिवस पुरा जाणार आहे. तो सत्कारणी लागावा म्हणून हे लिहिते आहे.

स्टेजवरची भाषणं जरूर ऐक, पण फक्त त्यांच्यासाठी जाऊ नकोस. भाषणात निवडक प्रसंग येतात, रोजचं काम येत नाही; म्हणून ती उमेद सोमवारपर्यंत ओसरते. टिकते ती ओळख. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की त्या माणसाची तुमची तेव्हा कितपत गाठ पडायची? सुमारे ५६ टक्के म्हणाले अधूनमधून, २८ टक्के म्हणाले क्वचित. नमुना लहान होता, पण कारण पटण्यासारखं आहे: आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते.

आदल्या आठवड्यात वक्त्यांची आणि मेंटॉरांची यादी बघून तिघींची नावं काढ. त्यातली एक तरी तुझ्यापेक्षा फक्त तीन-चार वर्षांनी पुढे असलेली हवी. डायरेक्टर मॅडमना आज फ्रेशरची मुलाखत कशी होते हे सांगता येईलच असं नाही. थोडीच पुढे असलेलीला मात्र टेक्निकल राउंडला काय विचारलं तेसुद्धा आठवत असतं. मुली नेमक्या मोठ्या नावाभोवती गर्दी करतात आणि ही चहाचा कप घेऊन एकटी उभी असते.

आता प्रश्नांचं. मेंटॉरच्या टेबलावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तीही चार-पाच जणींत वाटून. तिथे 'मॅडम, करिअरबद्दल मार्गदर्शन करा' म्हटलंस तर उत्तरही तसंच मिळेल: मेहनत कर, आत्मविश्वास ठेव. त्याऐवजी असं विचार: 'मला डिझाइनमध्ये जायचंय. आधी दोन वर्षं कारखान्यात शॉप फ्लोअरवर काढावीत, की थेट डिझाइन ट्रेनी म्हणून लागावं?' यात तुझी दिशा आहे, दोन पर्याय आहेत आणि समोरचीला आपल्या अनुभवातून एक बाजू घ्यावी लागते. आणखी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: 'गेल्या मंगळवारी दिवसभर काय काम केलंत?' त्यातून मीटिंगा, सप्लायरचे फोन, ड्रॉइंगच्या दुरुस्त्या, असं खरं चित्र समोर येतं. पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. पण रजेवरून परतलेल्या बाईला तुमच्याकडे आधीचंच काम मिळतं का, हेही विचारायला लाजू नकोस. कंपनीच्या वेबसाइटवर याचं उत्तर सापडणार नाही.

इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसू नकोस. पुण्यात टेबलावर निम्म्या जणी मराठी बोलणाऱ्या निघतील. स्वतःची ओळख तेवढी तीन वाक्यांत, दोन्ही भाषांत, मोठ्याने म्हणून तयार ठेव: काय शिकतेस, हाताने काय केलं आहेस, काय शोधते आहेस. मैत्रिणींबरोबर गेलीस तर आत शिरल्यावर वेगळ्या टेबलांवर बसा. घोळका करून बसलं की नवीन माणूस त्यात शिरत नाही.

टेबलावरून उठलीस की लगेच वहीत नाव, बोललेली एक गोष्ट आणि त्यांनी सुचवलेलं एक काम लिही. संध्याकाळपर्यंत चेहरे एकमेकांत मिसळतात.

खरं काम इथून पुढे, आणि बहुतेक जणी इथेच गळतात. लिंक्डइनवर नुसती रिक्वेस्ट पाठवून थांबतात, नाहीतर पहिल्याच मेसेजला रेझ्युमे जोडून 'व्हेकन्सी असेल तर कळवा' लिहितात. त्यावर समोरची काय करणार? दोन दिवसांच्या आत छोटा मेसेज पाठव. साधारण असा (यातलं जीडी अँड टी म्हणजे भागाच्या आकारात आणि जागेत किती फरक चालेल, हे ड्रॉइंगवर दाखवायची पद्धत):

'नमस्कार मॅडम. शनिवारी तुमच्या टेबलावर शॉप फ्लोअर की डिझाइन असं मी विचारलं होतं. जीडी अँड टी आधी पक्कं कर, असं तुम्ही म्हणालात. ते शिकायला घेतलंय. महिन्याभरात प्रोजेक्टमधल्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग त्या पद्धतीने काढून तुम्हाला कळवते.'

आणि मग खरंच काढ. महिन्याने ड्रॉइंग पाठवून लिही, की डेटम, म्हणजे मापं जिथून घ्यायची तो आधार, निवडताना इथे अडकले, वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? 'माझ्या मेंटॉर व्हाल का' असं पहिल्या भेटीत विचारलं की समोरच्या बाईला केवढी जबाबदारी गळ्यात पडते कोण जाणे, असं वाटतं. सांगितलेलं करून दाखवणारीला मात्र पुढचा वेळ सहज मिळतो, आणि जागा निघाली की तिचंच नाव सुचवलं जातं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, मग सोडून दे. मन खट्टू करून घेऊ नकोस. लोक खरोखर कामात असतात.

एक मात्र ठाम सांगते. मार्गदर्शनाच्या नावाखाली कोणी रात्री उशिरा, हॉटेलच्या खोलीवर किंवा घरी बोलावत असेल तर जायचं नाही, समोरचा कितीही मोठा असला तरी. भेट ऑफिसात, कॅन्टीनमध्ये किंवा फोनवर होऊ शकते. उद्या कुठे इंटर्नशिपला लागलीस तर २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, हे लक्षात असू दे.

तुझे तीन प्रश्न लिहून मला पाठव. निघण्याआधी एकदा नजर टाकून देते.

तुझी,
ताई