लहान ट्रॅक्टरचे कूलंट प्रथमच बदलताना

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलण्याचे काम आपण स्वतः शिकत आहात, ही उत्तम गोष्ट आहे. ते अवघड नाही, फक्त घाई नको. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नका, कारण दाबाखालील उकळते कूलंट क्षणात अंगावर उडते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा सकाळी लवकरची वेळच योग्य.

नवशिक्यांची सर्वांत महागडी चूक पाण्याची असते. संत्र्याच्या बागेतील बोअरचे जड पाणी भरल्यास रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षारांचा थर साचतो आणि ऐन उन्हाळी नांगरणीत इंजिन तापू लागते. म्हणून तयार मिश्रण घ्या, किंवा पाणी न मिसळलेल्या (कॉन्सन्ट्रेट) कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर साधारण निम्मे-निम्मे मिसळा. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून नुसते पाणी पुरेल, असे समजू नका. कूलंट गोठणे टाळतेच, शिवाय गंज रोखते आणि उत्कलनबिंदूही वाढवते. त्याचा प्रकार रंगावरून नव्हे, ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेवरून ठरवा.

कूलंट सावकाश भरा. नंतर इंजिन थोडे चालवून थंड होऊ द्या आणि पातळी पुन्हा तपासा, कारण अडकलेली हवा निघाल्यावर ती हमखास उतरते.

जुने कूलंट विषारी असून चवीला गोड असते. गुरे व कुत्री ते चाटतात, म्हणून ते बंद डब्यात साठवा. थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेला, सध्या हात लावू नका.