अँब्युलन्सवरची नोकरी: मुलीला पुण्याला पाठवावं का?

प्रश्न: मिरजेजवळच्या गावात माझं किराणा दुकान आहे. मुलीला बारावी सायन्सनंतर नीटमध्ये मार्क कमी पडले, म्हणून तिने इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा (ईएमटी) एक वर्षाचा डिप्लोमा केला. आता पुण्यातल्या एका खासगी अँब्युलन्स कंपनीने तिला ईएमटी म्हणून बोलावलं आहे. पगार 16,000, ड्यूटी बारा तासांची, रात्रपाळीही आहे. ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करा म्हणतात. एक तारखेला हजर व्हायचंय. तिची आई नको म्हणते, मुलगी हट्टाला पेटली आहे. नातेवाईक म्हणतात, त्यापेक्षा 108 वर सरकारी नोकरी बघा. काय करावं?

उत्तर: नमस्कार. नातेवाइकांचा सल्ला आधी बाजूला काढू. आपल्या राज्यात 108 ची सेवा 2014 साली सुरू झाली, ती 937 गाड्यांनिशी. त्या गाड्यांवर रुग्णाजवळ बसायला डॉक्टर नेमले गेले, त्यात बीएएमएस, बीएचएमएस झालेले पुष्कळ. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत ती जागा ईएमटीची असते. शिवाय सेवा सरकारची असली तरी गाड्या चालवायला ठेकेदार असतो, त्यामुळे तिथली नोकरीही कंत्राटीच. म्हणजे तुमच्या मुलीच्या शिक्षणाला इथे खरा वाव आहे तो खासगी अँब्युलन्सवर आणि हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत.

तेव्हा माझं मत: पाठवा. मात्र होकार देण्याआधी तिघांनी पुण्याला जाऊन कंपनीची गाडी बघा. ऑफिस कितीही चकाचक असू दे, तिला काम गाडीत करायचंय.

खासगी गाडीवर अपघाताच्या ठिकाणी धावून जाण्याचे प्रसंग त्यामानाने कमी. रोजचं काम म्हणजे शिफ्टिंग: या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात, डिस्चार्ज झालेल्या आजोबांना घरी, डायलिसिसला नेणं-आणणं. मधूनमधून चाकण-रांजणगावच्या कारखान्यात नाहीतर एखाद्या मॅरेथॉनला स्टँडबाय, तिथे दिवसभर नुसतं बसून राहायचं. पहिल्या महिन्यातच पोरांचा हिरमोड होतो तो इथे. पण शिकण्यासारखं सगळं शिफ्टिंगमध्येच असतं.

तुमच्या रोजच्या रस्त्याचंच उदाहरण घ्या. मिरजेहून पुण्याला पेशंट न्यायचाय, ऑक्सिजन मिनिटाला 10 लिटरने चालू आहे. बी टाइपचा भरलेला सिलेंडर साधारण 1,500 लिटरचा. म्हणजे तो अडीच तास पुरणार, आणि रस्ता आहे चार-साडेचार तासांचा. कात्रजला ट्रॅफिक लागला तर आणखी वेगळं. हा हिशेब मिरजेतून निघण्याआधी कोणी करायचा? ड्रायव्हरने नव्हे, नातेवाइकांनी तर नव्हेच. तो ईएमटीचा हिशेब. दोन सिलेंडर, वर एक राखीव, सिलेंडरची चावी जागेवर, आणि मगच गाडी हलवायची. वाटेत पेशंट स्थिर असेल तर दर पंधरा मिनिटांनी, नसेल तर दर पाच मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण कागदावर उतरवायचं आणि पोचल्यावर तो कागद डॉक्टरांच्या हातात देऊन सही घ्यायची.

आता गाडी कशी बघायची ते सांगतो. अँब्युलन्ससाठी एआयएस-125 नावाचं मानक आहे. त्यात नुसती पेशंट नेणारी, बेसिक लाइफ सपोर्टची आणि अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्टची असे गाड्यांचे प्रकार ठरवून दिलेत. बाहेर 'कार्डियाक' रंगवलेलं असतं आणि आत काय आहे ते दार उघडल्यावर कळतं. मुलीला सांगा, सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं) चालू करून बघ, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) चार्ज आहे का बघ, सिलेंडरचा काटा बघ, स्ट्रेचरचं लॉक लागतंय का ते हाताने हलवून बघ. तिने डिप्लोम्यात हे केलेलं असणार. आणि 'शिफ्ट सुरू होताना चेकलिस्ट कोण भरतं?' एवढं तिथल्याच एखाद्या ड्रायव्हरकाकांना विचारा. उत्तर द्यायला ते अडखळले, तर समजून जा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मॅनेजरला विचारायचा: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटबरोबर कोण जातं? डॉक्टर जातो म्हणाले तर ठीक. 'ईएमटी सांभाळून घेतात' असं उत्तर आलं, तर तिथे मुलीला ठेवू नका, पगार कितीही असो. एक वर्षाच्या डिप्लोम्यावर ती केस एकटीने घ्यायची नसते, आणि वाटेत काही झालं तर नातेवाइकांसमोर ती एकटी उभी असेल. वाटेत पेशंट गेला असं वाटलं तरी तिने तसं जाहीर करायचं नाही, तो अधिकार डॉक्टरचा. सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, चालू ठेवून जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

सर्टिफिकेटं ओरिजिनल द्यायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल पिशवीत घालून परत आणायची. ऑफर लेटरवर 'ईएमटी' हे पद लिहून घ्या. 'हेल्पर' किंवा 'अटेंडंट' असेल तर पुढे अनुभवाचा दाखला काय कामाचा? पगार 21,000 च्या आत आहे, त्यामुळे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं. वीस माणसं असतील तर पीएफही. लिफ्ट नसलेल्या पेठेतल्या वाड्यातून तिसऱ्या मजल्यावरचा पेशंट चादरीत उतरवताना कंबर धरते, सुई टोचते, हे या कामात होतंच. तेव्हा ईएसआयसीचं कार्ड लागतं.

आईची काळजी रास्त आहे. रात्रपाळीला नेण्या-आणण्याची सोय कंपनी करते का, बायकांना बसायला स्वतंत्र खोली आणि टॉयलेट आहे का, रात्री गाडीवर आधीपासूनची कोणी बाई असते का, हे आईनेच विचारू दे. पहिले तीन महिने सीनियरबरोबर ड्यूटी लावा, ही मागणी अवाजवी नाही.

आणखी एक गोष्ट कोणी उघड बोलत नाही. पेशंट अमुक हॉस्पिटलात नेला की गाडीवाल्याला कमिशन मिळतं, असं काही ठिकाणी चालतं. कधी ना कधी तिच्याही हातात पाकीट येईल. ते घ्यायचं नाही, आणि पेशंट कुठे न्यायचा हे नातेवाईक आणि डॉक्टर ठरवतील, हे तिला घरून निघतानाच स्पष्ट सांगा. दुकानदाराच्या मुलीला हिशेबातला खोटेपणा समजावून सांगायला लागू नये.

पुढचं म्हणाल तर दीड-दोन वर्षं नोकरी, मग पॅरामेडिकलची पदवी. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचा समावेश आहे. तेव्हा कोर्स निवडताना त्याची मान्यता बघूनच प्रवेश घ्या, जाहिरातीवर जाऊ नका.

हिपॅटायटिस बी चे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. कोर्सच्या वेळी घेतले नसतील तर पहिला याच आठवड्यात मिरजेत घ्या आणि कार्ड तिच्या बॅगेत ठेवा. शनिवारी पुण्याला जाऊन गाडी बघून या. मन मानलं तर एक तारखेला अजून वेळ आहे.