दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शाळेत प्रथमच जाताना

आपण विद्यार्थ्यांना घेऊन प्रथमच अशा शाळेत जाणार आहात, म्हणून अनुभवातून काही गोष्टी लिहितो. कोल्हापूरला जाणार असाल, तर स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही दिव्यांगांसाठीची संस्था उभी केली, हे मुलांना आधीच सांगा. त्यामुळे दयेची भाषा पुष्कळशी गळून पडते.

माझ्या पहिल्या भेटीत आम्ही खाऊवाटप केले, छायाचित्रे काढली आणि तासाभरात परतलो. निघताना तिथल्या एका मुलीने ‘तुम्ही आमच्याशी खेळणार नाही का?’ असे विचारले, ते मला अजून बोचते. तेव्हापासून मी अर्धा दिवस राखून ठेवतो आणि कॅरम, बुद्धिबळ किंवा गाण्याच्या भेंड्या यांत दोन्ही शाळांच्या मुलांचे मिश्र गट करतो. छायाचित्रे शाळेची आणि त्या मुलांची संमती असेल तरच काढावीत.

व्हीलचेअर हा वापरणाऱ्याच्या शरीराचाच भाग समजावा. न विचारता ती ढकलू नये, तिच्यावर रेलू नये, आणि बराच वेळ बोलायचे असेल तर समोर बसून बोलावे. कुणाच्या कुबड्या अडचण होते म्हणून दूर नेऊन ठेवू नयेत, कारण मग ते मूल जागेवरच अडकते.

परतल्यावर मुलांकडून आपल्याच शाळेतला व्हीलचेअरसाठीचा उतार (रॅम्प) मोजून घ्या : एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हवी.