शिक्क्याचा काटा आणि तळाची माती

सोलापुरात मानसशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : 'सायकोपॅथीच्या स्वनिवेदन प्रश्नावलीची वैधता तपासणे' हे शीर्षक बरोबर आहे का? आणि सायकोपॅथीला मराठीत काय म्हणावं? (सायकोपॅथी म्हणजे दुसऱ्याबद्दल कळवळा नाही, पश्चात्ताप नाही, खोटं मात्र सफाईनं, असा स्वभाव. स्वनिवेदन म्हणजे स्वतःबद्दलची उत्तरं स्वतःच देणं.)

चाचणी जे मोजायचं तेच मोजते का, या 'व्हॅलिडिटी'ला 'वैधता' नको. कितीदा सांगायचं! वैध म्हणजे विधीला, नियमाला धरून असलेलं. तिकीट वैध असतं. मार्केट यार्डातल्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असेल तर तो काटा वैध. तोलारानं कांद्याची एकच पिशवी तीनदा काट्यावर टाकली आणि तिन्ही वेळा पन्नास किलो भरली, तर ती विश्वसनीयता. पण भरलं ते कांद्याचं वजन की तळाशी घातलेल्या मातीचं? तुमचा प्रश्न हा आहे, आणि शिक्क्याला तो कळत नाही.

त्याला शब्द 'सप्रमाणता'. काही प्राध्यापक 'यथार्थता'वर अडून बसतात. त्यांनी तपासणीआधीच निकाल देऊन टाकलाय! यथार्थ म्हणजे आहे तसं. पण ते कशावरून, हे त्यात येतच नाही.

'प्रमाण'मध्ये ते येतं. मूळ धातू 'मा', मोजणे. मात्रा, परिमाण, अनुमान, उपमा ही सगळी त्याचीच भावंडं. न्यायदर्शनात प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवण्याची साधनं, चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. 'मी सहज खोटं बोलतो' या विधानापुढे कुणी खूण केली, तर ते शब्दप्रमाण. आणि न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमाचं सूत्र म्हणतं, 'आप्तोपदेशः शब्दः'. हा आप्त लग्नपत्रिकेतल्या आप्तेष्टांपैकी नव्हे. ज्याला ठाऊक आहे आणि जो आहे तसंच सांगतो, तो. सफाईनं खोटं बोलणं हेच ज्याचं लक्षण मोजायचं, तो आप्त कसा? (लाजच नसलेला माणूस बेधडक कबूल करतो, असं म्हणणारेही आहेत.)

म्हणून सायकोपॅथी मोजणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ हेअरच्या 20 कलमांच्या यादीत मुलाखतीला कागदपत्रांची जोड लागते. लिलियनफेल्ड आणि अँड्र्यूज यांच्या 1996 सालच्या सायकोपॅथीच्या स्वनिवेदन प्रश्नावलीत 187 विधानं आहेत, त्यांत उत्तर देणाऱ्याची सारवासारव पकडणारीही. आणि क्रोनबाख-मील या मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली संकल्पनेच्या सप्रमाणतेबद्दल (थेट न दिसणारा गुण चाचणी खरंच मोजते का, याबद्दल) जे मांडलं, ते माझ्या मते निव्वळ अनुमानप्रमाण : आग दिसत नाही, धूर कुठेकुठे निघतो ते ताडून बघायचं. मानसशास्त्रवाले हे मान्य करत नाहीत. न करोत.

हां, सायकोपॅथी राहिलीच. 'मनोविकृती' कुठल्याही मानसिक आजाराला लावतात, तेव्हा तो शब्द नको. सायकोपॅथीच लिहा.