क्वांटमचं एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

प्रश्न : मॅडम, मी माटुंग्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सेमचं फिजिक्स लोकल ऑथरच्या पुस्तकावर निघालं. श्रोडिंगरचं समीकरण घोकून लिहिलं, मार्कही पडले. आता नॅनोइलेक्ट्रॉनिक्स घेतलंय आणि सर पहिल्याच तासाला ‘टनेलिंग (ऊर्जा कमी असूनही इलेक्ट्रॉन भिंतीपलीकडे जातो ते) तर तुम्हाला येतंच’ म्हणून पुढे सरकले. सीनिअर म्हणतात डेव्हिड ग्रिफिथ्सचं पुस्तक घे. मामेभाऊ एमएस्सी करतोय, तो म्हणतो शंकरशिवाय पर्याय नाही. दोन-दोन पुस्तकं परवडणार नाहीत. काय करू?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : मामेभावाचं या वर्षी तरी ऐकू नकोस. आर. शंकर यांचं पुस्तक फार चांगलं आहे, पण ते त्याच्यासाठी. पहिलं प्रकरणच सत्तरेक पानांचं, निव्वळ गणिताचं. तू इलेक्ट्रॉनपर्यंत पोहोचेस्तोवर तुझी युनिट टेस्ट उरकलेली असेल.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांनाच फिजिक्स शिकवत निवृत्त झाले. या मुलांचं गणित कच्चं असतं हे मला कधीच पटलं नाही. मॅट्रिक्स, फूरिये, डिफरन्शियल इक्वेशन, सगळं एम-थ्रीपर्यंत, म्हणजे तिसऱ्या सेमच्या गणितापर्यंत, झालेलं असतं. गाडी अडते ती आकड्यापाशी. बॉक्समधल्या, म्हणजे दोन भिंतींत कोंडलेल्या, इलेक्ट्रॉनचं सूत्र तोंडपाठ, पण बॉक्स एक नॅनोमीटरचा असेल तर ऊर्जा किती, असं विचारलं की वर्ग चिडीचूप.

तू आत्ताच करून बघ. भिंती अनंत उंचीच्या, रुंदी 1 नॅनोमीटर : सर्वांत खालची पातळी येते सुमारे 0.38 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रुंदी पाचपट कर. ऊर्जा पंचविसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे 0.015. आता खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा असते 0.026 च्या आसपास. पाच नॅनोमीटरला या पातळीची ऊर्जा उष्णतेच्याही खाली गेली, म्हणजे उष्णतेच्या गडबडीत पातळ्या एकमेकांत मिसळायला लागणार! मग गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या दहा नॅनोमीटरच्या थरातही पातळ्या वेगळ्या कशा दिसतात? कारण तिथे इलेक्ट्रॉनचं प्रभावी वस्तुमान (स्फटिकात तो जितका जड असल्यासारखा वागतो ते) मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या फक्त 0.067 पट असतं. वस्तुमान घटलं की ऊर्जा वाढते, आणि ती पुन्हा 0.056 वर जाते. अशा पातळ थरात इलेक्ट्रॉन कोंडणाऱ्या क्वांटम-वेल लेसरमागची मेख ही आहे. जे पुस्तक तुला सूत्रावरून इथवर आणून सोडतं ते तुझं.

या कसोटीला उतरतं ते स्टॅनफर्डच्या डेव्हिड मिलर यांचं, केंब्रिजचं, 2008 सालचं ‘क्वांटम मेकॅनिक्स फॉर सायंटिस्ट्स अँड इंजिनिअर्स’. एकच घ्यायचं तर हे घे. लेखक स्वतः ऑप्टिकल उपकरणांतला माणूस, त्यामुळे टनेलिंग, स्फटिकातले बँड (इलेक्ट्रॉनला मुभा असलेले ऊर्जेचे पट्टे), अर्धवाहकाचे थर हे सगळं शेपटासारखं मागे न लावता पुस्तकाच्या पोटात येतं. एकामागोमाग अनेक थर असतील तर ट्रान्सफर मॅट्रिक्सने (एकेका थराचं मॅट्रिक्स गुणत जाऊन) पलीकडे किती इलेक्ट्रॉन पोचतात ते कसं काढायचं, तेही दिलंय. ते प्रकरण संगणकाजवळ बसूनच वाच. त्यांची याच विषयाची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. डोंबिवली ते दादर फास्टला बसायला मिळालं (मिळत नाही, ठाऊक आहे) तर एखादं होईल.

ग्रिफिथ्सला मी नावं ठेवत नाही. इतकं गप्पा मारल्यासारखं लिहिणारे लेखक थोडे, आणि पहिल्याच पानापासून श्रोडिंगरचं समीकरण हातात. मात्र तो सूत्रांतल्या अक्षरांत रमतो, तुझ्या कामाचे नॅनोमीटर आणि व्होल्ट त्यात फारसे नाहीत. लायब्ररीतून आणून पहिली दोन प्रकरणं वाच, उदाहरणं सोडव, परत कर. फाइनमन यांच्या व्याख्यानांचा तिसरा खंड कॅल्टेकने वेबसाइटवर फुकट ठेवला आहे. तो अभ्यासाला नको, रविवारी दुपारी वाचायला ठेव. टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दल तू विचारलं नाहीस, मीही विचारत नाही.

सरांनी सोडून दिलेलं टनेलिंग मात्र हाताने कर. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेपेक्षा भिंत 1 इलेक्ट्रॉन-व्होल्टने उंच धर. जाडी 1 ची 2 नॅनोमीटर केली की पलीकडे जाण्याची शक्यता साधारण अठ्ठावीस हजार पटींनी घटते. हा आकडा स्वतःच्या वहीत निघाला की ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा ऑक्साइड, म्हणजे विद्युतरोधक थर, 1.2 नॅनोमीटरवर आल्यावर चिपवाल्यांची झोप का उडाली आणि 2007 मध्ये इंटेलने 45 नॅनोमीटरच्या चिपला जाड ठेवता येणारा हॅफ्नियमयुक्त थर का आणला, हे सर सांगतील तेव्हा तू नुसता मान डोलावणार नाहीस.

खरेदीबद्दल : मिलर जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर सहसा दिसत नाही, नवंच घ्यावं लागेल. वर्गातल्या दोघातिघांनी मिळून घेतलं तरी चालतं, फक्त परीक्षेच्या आठवड्यात ते कोणाकडे राहणार हे आधी ठरवा. ग्रिफिथ्स लायब्ररीत मिळालं नाही तर किंग्ज सर्कलला जुनं शोध. दुसरी आवृत्ती मिळाली तरी बिनधास्त घे. 2018 च्या तिसऱ्या आवृत्तीत सममितीवर वेगळं प्रकरण आलंय, त्याची तुला सध्या गरज नाही. घेण्याआधी पानं मात्र उलटून बघ, आधीच्या मालकाने पेनाने उत्तरं लिहून ठेवली असतील तर दुसरी प्रत माग.