पीसीओएस आहे, पाळी दोन-तीन महिन्यांनी येते आणि आली की असह्य दुखतं. काय करू?

तू लिहिलंयस की वय 22, कोल्हापुरात होस्टेलला राहतेस, सोनोग्राफीत पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोन्सचं संतुलन बिघडण्याचा त्रास) निघालं, पाळी दोन-दोन तीन-तीन महिने येत नाही आणि आली की दोन दिवस कॉटवरून उठवत नाही, आणि घरचे म्हणतात लग्न झालं की आपोआप सुरळीत होईल. लहान आहेस म्हणून 'तू'च म्हणते. मला कॉलेजात असल्यापासून पीसीओएस आहे, नंतर नोकरी लागली, लग्न झालं आणि ते अजूनही आहे, त्यामुळे लग्नाची वाट बघत दुखणं काढू नकोस.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पाळी उशिरा येणं आणि पाळीत जीव जाईल इतकं दुखणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि डॉक्टरांना त्या वेगवेगळ्याच सांग. आपण पीसीओएस आहे म्हणजे दुखणारच असं धरून बसतो, डॉक्टरही घाईत असले की रिपोर्ट बघून पाळीच्या गोळ्या लिहून देतात आणि दुखण्याचं राहूनच जातं. पीसीओएसमध्ये होतं काय, तर महिन्याच्या महिन्याला बीज बाहेर पडत नाही, ते पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, मग गर्भाशयाचं आतलं अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि महिन्यांनी कधीतरी एकदम सुटतं, तेव्हा खूप अंगावरून जातं, गाठी पडतात, आणि ते बाहेर ढकलायला गर्भाशय जोरात आवळतं. त्यामुळे दुखतं हे खरं. पण सोनोग्राफीत ज्याला सगळे 'गाठी' म्हणतात त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजाच्या पिशव्या असतात, एवढ्याशा, 2 ते 9 मिलिमीटरच्या, त्या स्वतः काही दुखत नाहीत आणि ऑपरेशन करून काढायच्याही नसतात.

म्हणून दुखणं दर पाळीला वाढतंय का, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का, पाळीत शौचाला बसताना कळ येते का, हे बघ. असं असेल तर एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा अॅडेनोमायोसिस (तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं) आहे का हे तपासायलाच हवं. मला एका डॉक्टरांनी "सगळ्याच मुलींना दुखतं" म्हणून परत पाठवलं होतं, दुसऱ्या बाईंनी शांतपणे हे सगळे प्रश्न विचारले आणि पीसीओएसबरोबर एंडोमेट्रिओसिसही निघाला. सुरुवातीचा एंडोमेट्रिओसिस साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे तुझं दुखणं खोटं ठरत नाही गं, हे कुणीही काहीही म्हणालं तरी लक्षात ठेव.

दुखण्यावर तात्पुरतं काय, तर गोळी कळ असह्य झाल्यावर नाही तर सुरुवात होतानाच घ्यायची, काहीतरी खाऊन. आवळ आणणारी जी रसायनं शरीरात तयार होतात, प्रोस्टाग्लँडिन, ती तयार होणंच या गोळ्या रोखतात, एकदा भरपूर तयार झाली की गोळीचा उपयोग कमी होतो. मेडिकलमध्ये न विचारता मिळते ती बहुतेक मेफेनॅमिक अॅसिडची असते. तिच्याबद्दल 2023 मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने इशारा दिला होता की क्वचित कुणाला तिची गंभीर रिअॅक्शन येते, अंगावर पुरळ, ताप, मानेतल्या-काखेतल्या गाठी सुजणं, आणि तेही कधीकधी काही आठवड्यांनी. घाबरू नकोस, पण तुला कुठली गोळी आणि किती चालेल हे एकदा डॉक्टरांकडून लिहून घे, अॅसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांग. गरम पाण्याची पिशवी खरंच काम करते, होस्टेलवर किटल असेल तर प्रश्नच नाही. आणि एका बाजूला अचानक भयंकर कळ येऊन उलट्या झाल्या, किंवा तासाला एक पॅड भरायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रूममेटला उठवून सरळ दवाखाना गाठायचा.

आता उशिराचं. पाळी 90 दिवसांच्या पुढे लांबू द्यायची नाही, हे कॅलेंडरवर लिहून ठेव. पाळी नाही आली तर बरंच, कटकट नाही असं वाटतं, पण अस्तर वर्षानुवर्षं असंच साठत राहिलं तर पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. डॉक्टर थोडे दिवस प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी देतात, ती थांबवली की काही दिवसांत पाळी येते. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घरोघरी ज्या गोळ्या घेतात त्याही याच जातीच्या, पण म्हणून मावशीकडच्या उरलेल्या आपल्या मनाने घेऊ नकोस. दुसरा उपाय गर्भनिरोधक गोळ्या. नाव ऐकून आई दचकेल, पाकीट सापडलं तर नको ते विचार करेल, म्हणून आईला आधीच सांग किंवा डॉक्टरांकडे बरोबर घेऊन जा. या गोळ्यांनी पाळी वेळेवर येते, अंगावरून कमी जातं, दुखणंही कमी होतं, पिंपल्स आणि हनुवटीवरच्या केसांनाही फरक पडतो. या गोळ्यांमुळे पुढे मूल होत नाही ही भीती निराधार आहे. फक्त बीपी असेल, डोळ्यांपुढे चमकून मायग्रेन होत असेल, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर आधी सांगायचं, मग डॉक्टर या गोळ्या कदाचित देणार नाहीत.

खाण्याबद्दल जास्त लिहीत नाही, नेटवर भरपूर पडलंय आणि त्यातलं बरंचसं मुलींना उपाशी मारणारं आहे. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झालं तरी पाळीत फरक पडू शकतो, म्हणजे 70 किलोच्या मुलीला साडेतीन किलोपासून, वीस किलो नव्हे. बारीक मुलींनाही पीसीओएस असतं, त्यांनी वजनाच्या मागे लागू नये. मेसमध्ये भाताचा ढीग कमी करून उसळ दोनदा घे, भाकरी असेल तर भाकरी घे, चहातली साखर कमी कर, रोज चाल, एवढं पुरे.

डॉक्टरांकडे जाताना मागच्या सहा-आठ पाळ्यांच्या तारखा, किती दिवस गेलं आणि कुठल्या दिवशी किती दुखलं हे लिहून ने, तोंडी सांगताना सगळं विसरायला होतं. खाजगी परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, स्त्रीरोगाची ओपीडी आहे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन आणि शुगर तपासली का ते विचार, कारण थायरॉइडनेही पाळी अशीच लांबते. मान काळी पडली असेल किंवा घरात डायबिटीस असेल तर शुगरची 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन करतात ती टेस्ट आहे, तिला सकाळी उपाशीपोटी जायचं आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास तिथेच थांबायचं असतं, मधे काही खायचं नाही. म्हणून लेक्चर नसेल तो दिवस बघ, मैत्रिणीला बरोबर घे आणि टेस्टनंतर खायला डबा ने.